‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कसा ओळखावा आणि ते कसे वापरावे

‘गेट’ हे इंग्रजी क्रियापद शब्दकोशात काढून पाहिले, तर मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे, पकडणे असे अर्थ एकाखाली एक येतात आणि ही यादी पुढे कितीतरी लांबत जाते. बहुतेक विद्यार्थी ती पाठ करू पाहतात. काही दिवसांनी अर्थ आठवतात, पण समोर वाक्य आले की त्यांपैकी नेमका कोणता लावायचा हे कळत नाही. आणि बोलताना तर हा शब्द टाळून त्याच्या जागी एखादे जड क्रियापद वापरण्याकडे कल होतो. माझ्या मते अडचण स्मरणशक्तीची नसते. ‘गेट’चा अर्थ त्याच्या एकट्यात शोधायचा नसतो, तो त्याच्या लगेच पुढे काय आले आहे यावरून ठरतो. ती नजर तयार झाली की यादीची गरज उरत नाही.

आधी उच्चाराचे पाहू. दाराला आपण ज्याला गेट म्हणतो तो शब्द वेगळा. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जात असले, तरी दाराच्या शब्दातला ‘ए’ लांब असतो आणि शेवटी किंचित ‘इ’कडे वळतो, क्रियापदातला ‘ए’ मात्र ऱ्हस्व, तुटक असतो. ‘ई’ किंवा ‘आय’ या अक्षरांपूर्वी येणाऱ्या ‘जी’चा उच्चार इंग्रजीत पुष्कळदा ‘ज’ होतो, जसे ‘जेंटल’, ‘जेम’. ‘गेट’मध्ये तो ‘ग’च राहतो, कारण हा शब्द फ्रेंच किंवा लॅटिनमधून आलेला नाही. ९व्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या प्राचीन नॉर्स भाषेत ‘गेटा’ म्हणजे मिळवणे असे क्रियापद होते. तेच इंग्रजीत आले आणि १३व्या शतकातील लेखनात ते दिसू लागते. ‘टेक’ हे क्रियापद आणि ‘दे’ हे सर्वनामही त्याच भाषेची देणगी आहे. ‘फरगेट’ मात्र जुन्या इंग्रजीतला, पण ‘गेट’च्याच कुळातला शब्द आहे, मिळालेले, धरलेले मनातून निसटणे हा त्यातला भाव लक्षात घेतला की हे नाते सहज पटते.

मुळाशी असलेली एक कल्पना

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण सगळे पुढचे तिच्यावर उभे आहे. ‘हॅव’ आणि ‘बी’ ही क्रियापदे स्थिती सांगतात. ‘गेट’ त्या स्थितीत प्रवेश झाल्याचे सांगते. ‘आय हॅव द की’ म्हणजे किल्ली माझ्याजवळ आहे, ‘आय गॉट द की’ म्हणजे ती माझ्याजवळ आली. ‘शी इज इल’ म्हणजे ती आजारी आहे, ‘शी गॉट इल’ म्हणजे ती आजारी पडली. ‘वुई आर ॲट द स्टेशन’ म्हणजे आम्ही स्टेशनवर आहोत, ‘वुई गॉट टू द स्टेशन’ म्हणजे आम्ही स्टेशनवर पोहोचलो. ‘आय नो हर’ म्हणजे माझी तिची ओळख आहे, ‘आय गॉट टू नो हर’ म्हणजे माझी तिची ओळख होत गेली.

मराठीत हा फरक आपण रोज करतो, फक्त त्यासाठी एकच क्रियापद वापरत नाही. आपण आजारी पडतो, आपल्याला भूक लागते, राग येतो, उशीर होतो, अंधार पडतो, आणि पावसात सापडलो तर नुसते भिजतो. इंग्रजी या सगळ्या ठिकाणी ‘गेट’ने काम भागवते. म्हणून ‘गेट’चे मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा, या वाक्यात कोण कोणत्या नव्या स्थितीत आले, हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळाले की योग्य मराठी क्रियापद आपसूक तोंडात येते.

पुढे नाम असेल तर

‘गेट’च्या पुढे वस्तू किंवा व्यक्ती आली की अर्थ मिळण्याच्या, मिळवण्याच्या किंवा आणण्याच्या बाजूला झुकतो. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळाले. यात माझा प्रयत्न नाही. ‘आय गॉट अ जॉब’मध्ये तो आहे, आणि ‘आय विल गेट अ चेअर’मध्ये तर उठून जाऊन खुर्ची आणण्याची क्रिया आहे. प्रयत्न किती हे ‘गेट’ स्वतः सांगत नाही, प्रसंगावरून समजून घ्यावे लागते. मराठी बोलणाऱ्याने येथे एक वळण जाणीवपूर्वक घ्यावे: आपल्याकडे मिळणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस ‘मला’, ‘तिला’ असा येतो, तर इंग्रजीत माणूसच कर्त्याच्या जागी बसतो. दोन नामे एकामागून एक आली, तर आधी कोणासाठी आणि मग काय, हा क्रम ठेवावा: ‘गेट हिम अ चेअर’, त्याच्यासाठी खुर्ची आण.

आजारांची नावेही याच साच्यात बसतात. ‘गेट अ कोल्ड’ म्हणजे सर्दी होणे, ‘गेट अ हेडेक’ म्हणजे डोके दुखू लागणे. ‘गेट द बस’ म्हणजे बस पकडणे. घरात फोन वाजत असताना कोणी ‘आय विल गेट इट’ म्हणाले, तर मी घेतो असा त्याचा अर्थ. दारावर थाप पडल्यावर तेच वाक्य मी उघडतो असे सांगते. आणि समोरच्याचे बोलणे, विनोद किंवा मुद्दा पुढे आला, तर ‘गेट’ म्हणजे समजणे: ‘आय डोन्ट गेट इट’, मला हे कळत नाही, ‘डोन्ट गेट मी राँग’, माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका. समजलेली गोष्टही आपल्या हाती आलेलीच असते. मराठीतही आपण मुद्दा ‘पकडतो’.

पुढे विशेषण असेल तर

येथे ‘गेट’ म्हणजे होणे. ‘गेट टायर्ड’ दमणे, ‘गेट अँग्री’ रागावणे, ‘गेट वेट’ भिजणे, ‘गेट रेडी’ तयार होणे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे. हळूहळू होत जाणारा बदल सांगायचा असेल, तर चालू काळ आणि विशेषणाचे तुलनादर्शक रूप वापरावे: ‘ही इज गेटिंग बेटर’, त्याची प्रकृती सुधारत चालली आहे. आपले ‘चालला आहे’ आणि त्यांचे ‘इज गेटिंग’ यांची जोडी इतकी चपखल आहे की भाषांतर करणाऱ्याने ती कायम हाताशी ठेवावी.

या साच्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे, होणे हा अर्थ फक्त विशेषणाबरोबर चालतो, नामाबरोबर नाही. डॉक्टर होणे यासाठी ‘बिकम अ डॉक्टर’ म्हणावे लागते. ‘गेट अ डॉक्टर’ म्हटले तर ऐकणारा डॉक्टरांना बोलवायला धावेल. दुसरे म्हणजे ‘मला उशीर झाला’ याचे सरळ ‘आय गॉट लेट’ करू नये. माणसाबद्दल बोलताना ‘आय वॉज लेट’ किंवा वाटेत अडकून पडल्याचे सांगायचे असेल तर ‘आय गॉट डिलेड’ म्हणावे. वेळेबद्दल बोलताना मात्र ‘इट इज गेटिंग लेट’ अगदी बरोबर आहे. तिसरे म्हणजे काही बदलांसाठी इंग्रजीत दुसरी क्रियापदे ठरून गेलेली आहेत: वेड लागणे, आंधळे होणे, एखादी वस्तू खराब होणे यांसाठी ‘गो’, आणि रंग बदलण्यासाठी बहुधा ‘टर्न’. याला नियम शोधू नये, वाचताना टिपून ठेवावे.

पुढे ठिकाण असेल तर

अर्थ पोहोचणे. ‘हाउ डू आय गेट टू द स्टेशन?’ हा रस्ता विचारण्याचा सर्वांत साधा प्रश्न आहे. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ या शब्दांपूर्वी ‘टू’ येत नाही: ‘गेट होम’, ‘गेट देअर’. ‘रीच’पुढेही ‘टू’ लावायचा नसतो, त्यामुळे ‘रीच टू द स्टेशन’ ही मराठी माणसाच्या इंग्रजीत वारंवार ऐकू येणारी रचना सोडून ‘गेट टू द स्टेशन’ची सवय लावणे सोयीचे ठरते.

पुढे भूतकाळवाचक धातुसाधित असेल तर

‘ब्रोकन’, ‘कॉट’, ‘मॅरिड’, ‘लॉस्ट’ यांसारखी रूपे ‘गेट’च्या लगेच पुढे आली, तर कर्त्यावर काहीतरी गुदरले किंवा कर्ता त्या अवस्थेत गेला असा अर्थ होतो: ‘ही गॉट कॉट’, तो पकडला गेला, ‘वुई गॉट लॉस्ट’, आम्ही रस्ता चुकलो, ‘शी गॉट प्रमोटेड’, तिला बढती मिळाली. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ हे वाक्य दुहेरी आहे: खिडकी तुटलेली होती किंवा ती तोडली गेली, दोन्ही अर्थ संभवतात. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ मात्र घटनाच सांगते. जी क्रियापदे केवळ स्थिती दाखवतात, जसे माहीत असणे किंवा आवडणे, त्यांच्या अशा रूपांपूर्वी ‘गेट’ चालत नाही. लग्नाच्या संदर्भात आपण ‘तिच्याशी’ म्हणतो म्हणून इंग्रजीत ‘विथ’ घालण्याचा मोह होतो. तेथे ‘गेट मॅरिड टू’ हेच रूप आहे, किंवा नुसते ‘मॅरी’ वापरून पुढे व्यक्तीचे नाव घ्यावे.

मधे वस्तू आणि मग धातुसाधित असेल तर

या रचनेवर थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते, कारण चांगले इंग्रजी बोलणारेही येथे चुकतात आणि चूक कोणी दाखवून देत नाही. केशकर्तनालयातून आल्यावर आपण मराठीत ‘मी केस कापले’ असे सहज म्हणतो; ते दुसऱ्याने कापले हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असते. हेच वाक्य ‘आय कट माय हेअर’ असे इंग्रजीत गेले, की मी स्वतः आरशासमोर कात्री चालवली असा अर्थ होतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या कामासाठी ‘आय गॉट माय हेअर कट’ असा क्रम लागतो: आधी ‘गॉट’, मग वस्तू, मग धातुसाधित. ‘आय गॉट माय आइज टेस्टेड’ म्हणजे मी डोळे तपासून घेतले. ‘वुई गॉट द रूफ रिपेअर्ड’ म्हणजे आम्ही छप्पर दुरुस्त करून घेतले. मराठीतले ‘घेणे’ हे सहायक क्रियापद ज्या वाक्यात नैसर्गिकपणे बसते, तेथे ही रचना बहुतेक वेळा योग्य ठरते, आणि मराठीत ते गाळले असेल तर आधी मनात घालून पाहावे.

याच रचनेचा आणखी एक उपयोग आहे, ज्यात दुसरा कोणी नसतो. ‘आय मस्ट गेट धिस रिपोर्ट फिनिश्ड’ म्हणजे हा अहवाल मला एकदाचा हातावेगळा करायला हवा. काम मीच करणार आहे, पण लक्ष कामावर नसून ते पूर्ण झालेल्या अवस्थेवर आहे. मूळ कल्पना येथे पुन्हा दिसते: वस्तूला एका अवस्थेतून दुसरीत नेणे.

काम कोणाकडून करवून घेतले तेही सांगायचे असेल, तर व्यक्तीचे नाव मधे येते आणि पुढे ‘टू’सह क्रियापद: ‘आय गॉट हिम टू साइन’. याच्या शेजारी ‘आय मेड हिम साइन’ आणि ‘आय हॅड हिम साइन’ ही वाक्ये ठेवून पाहावीत. ‘मेड’मध्ये सक्ती आहे, मी त्याला सही करायला लावली. ‘हॅड’मध्ये व्यवस्था आहे, ते त्याचे कामच होते आणि मी ते सांगितले. ‘गॉट’मध्ये मनधरणी किंवा खटपट आहे, मी समजावून, मागे लागून त्याची सही घेतली. तिघांत ‘टू’ फक्त ‘गेट’ला लागतो, तो गाळला किंवा ‘मेक’ला जोडला, तर वाक्य लगेच खटकते.

पुढे ‘टू’ आणि क्रियापद असेल तर

या ठिकाणी मराठीकडे इतकी नेमकी रचना आहे की शिकणाऱ्याचे काम अगदी हलके होते. ‘आय गॉट टू सी द सी’ म्हणजे मला समुद्र बघायला मिळाला. बघायला मिळणे, जायला मिळणे, बोलायला मिळणे, म्हणजे संधी लाभणे, यासाठी ‘गेट टू’. आता या वाक्यात ‘हॅव’ घालून पाहा: ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवे. एकीकडे संधी, दुसरीकडे सक्ती, आणि मधे फक्त एक छोटा शब्द. बोलताना हा ‘हॅव’ आखडून ‘व्ह’ इतकाच उरतो, पुष्कळदा तोही ऐकू येत नाही, आणि ‘गॉट टू’चे ‘गॉटा’ होते. म्हणून ‘आय गॉटा गो’ ऐकले तर निघायला हवे असे समजावे, जायला मिळाले असे नव्हे.

‘गेट यूज्ड टू’ हा प्रयोग दिसायला जवळचा, पण वेगळा आहे. त्याचा अर्थ सवय होणे, आणि त्याच्या पुढचे क्रियापद ‘आयएनजी’ने संपते: ‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अर्ली’, मला लवकर उठण्याची सवय झाली. सवय झालेलीच आहे असे सांगताना ‘गॉट’च्या जागी ‘ॲम’ येतो. ‘आय यूज्ड टू वेक अर्ली’ हे मात्र पूर्वी लवकर उठत असे, आता उठत नाही, असे सांगते.

पुढे ‘अप’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ असे छोटे शब्द असतील तर

या जोड्यांच्या याद्या पुस्तकांत पानेच्या पाने भरून असतात. त्या पाठ करण्याआधी छोट्या शब्दातली हालचाल डोळ्यांसमोर आणावी. ‘ओव्हर’मध्ये अडथळा ओलांडून पलीकडे जाणे आहे; म्हणून ‘गेट ओव्हर’ म्हणजे दुःखातून, आजारातून सावरणे. ‘थ्रू’मध्ये आरपार जाणे आहे, म्हणून ‘गेट थ्रू’ म्हणजे कठीण काळ निभावून नेणे, आणि फोनच्या संदर्भात फोन लागणे. ‘बाय’मध्ये कडेकडेने पुढे सरकणे आहे, ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागवणे. ‘अलाँग’मध्ये सोबत चालणे आहे, दोघांचे ‘गेट अलाँग’ होते म्हणजे त्यांचे पटते. ‘गेट अवे विथ’ म्हणजे चूक करूनही शिक्षेतून निसटणे, आपल्या भाषेत खपून जाणे. ‘गेट राउंड टू’ म्हणजे बरेच दिवस राहून गेलेले काम अखेर हातात घेणे. ‘गेट रिड ऑफ’मधल्या ‘रिड’चा स्वतंत्र उपयोग आता फारसा होत नाही, तेव्हा सुटका करून घेणे, काढून टाकणे हा अर्थ तसाच लक्षात ठेवावा.

वाहनांचे प्रकरण रोजचे आहे. ज्या वाहनात उभे राहता, चालता येते, त्यात चढणे ‘गेट ऑन’ आणि उतरणे ‘गेट ऑफ’: बस, रेल्वे, विमान. ज्यात वाकून बसावे लागते, त्या मोटारीसाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. ज्यावर पाय टाकून बसतो त्या सायकलीलाही ‘ऑन’ आणि ‘ऑफ’च लागतात. बसमधून उतरण्यासाठी भारतात रूढ असलेले ‘गेट डाउन’ ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला उंचावरून खाली उतरणे किंवा खाली वाकणे असे वाटू शकते.

रूपांविषयी

भूतकाळात सर्वत्र ‘गॉट’. ‘डिड’ आले की क्रियापद मूळ रूपात परत जाते: ‘डिड यू गेट माय मेसेज?’, ‘आय डिडन्ट गेट इट’. येथे ‘गॉट’ ठेवणे ही फार पसरलेली चूक आहे. तिसरे रूप ब्रिटनमध्ये ‘गॉट’, अमेरिकेत बहुधा ‘गॉटन’. ‘गॉटन’ हा अमेरिकनांनी बिघडवलेला शब्द आहे असे काहीजण समजतात, पण ते जुनेच इंग्रजी रूप आहे; ब्रिटनमध्ये ते मागे पडले, अमेरिकेत टिकले, आणि ‘फरगॉटन’मध्ये ते ब्रिटनमध्येही आजवर जिवंत आहे. अमेरिकन भाषेत यामुळे एक उपयुक्त भेद राहिला आहे: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे मोटार आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी मोटार घेतली आहे.

‘हॅव गॉट’ हे दिसायला पूर्ण वर्तमानकाळासारखे असले, तरी अर्थाने साधे ‘आहे’ असते. प्रश्न करताना ‘हॅव यू गॉट अ पेन?’ किंवा ‘डू यू हॅव अ पेन?’ यांपैकी एक साचा निवडावा. दोन्हींची सरमिसळ करून ‘डू यू हॅव गॉट’ म्हणू नये. पूर्वी माझ्याकडे होते असे सांगायचे असेल तर नुसते ‘हॅड’ वापरावे.

लेखनात किती वापरावे

बोलण्यात, मित्राला लिहिलेल्या पत्रात, रोजच्या निरोपांत ‘गेट’ हाच स्वाभाविक शब्द आहे. तेथे प्रत्येक वेळी ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’ म्हणणारा माणूस पुस्तकी वाटतो. अर्ज, अहवाल, प्रबंध किंवा कार्यालयीन पत्र लिहिताना मात्र ‘गेट’ एकेका ठिकाणी तपासून बदलावा: मिळणे यासाठी ‘रिसीव्ह’, प्रयत्नाने मिळवणे यासाठी ‘ऑब्टेन’, होणे यासाठी ‘बिकम’, पोहोचणे यासाठी ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’, समजणे यासाठी ‘अंडरस्टँड’. ही अदलाबदल स्वतःच एक उत्तम सराव आहे, कारण बदली शब्द निवडण्यासाठी ‘गेट’चा त्या वाक्यातला अर्थ आधी ठरवावाच लागतो. विनंती करतानाही भान ठेवावे: ‘गेट मी अ चेअर’ हा हुकूम वाटतो, ‘कुड यू गेट मी अ चेअर?’ ही विनंती होते.

सरावासाठी एखादे इंग्रजी संभाषण किंवा वर्तमानपत्रातील मुलाखत घ्यावी आणि त्यात आलेल्या प्रत्येक ‘गेट’खाली रेघ मारावी. मग पुढच्या शब्दावर बोट ठेवून तो नाम आहे, विशेषण आहे, ठिकाण आहे, धातुसाधित आहे, ‘टू’ आहे की एखादा छोटा शब्द आहे, हे समासात लिहावे, आणि त्यानंतरच त्या वाक्याचे मराठी करावे. मराठी करताना ‘मिळणे’ किंवा ‘होणे’ यांवर न थांबता पडणे, लागणे, येणे, सुटणे, सावरणे यांपैकी जे क्रियापद आपण घरात बोलताना खरोखर वापरू ते निवडावे. आठवडाभराने तेच मराठी वाक्य समोर ठेवून मूळ न पाहता परत इंग्रजीत आणावे. जेथे ‘गेट’ आठवला नाही, तेथे बहुधा मराठी क्रियापदाने बदल लपवून ठेवलेला असतो, जसा ‘भिजलो’मध्ये किंवा ‘दमलो’मध्ये, अशी वाक्ये वेगळ्या पानावर उतरवून पुढच्या आठवड्याचा सराव त्यांच्यापासून सुरू करावा.